सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग

डाव्या हाताचा आंगठा, तर्जनी व मधलें बोट एकमेकांशीं काटकोनांत धरून विजेच्या प्रश्नाशीं झगडणारा विद्यार्थी आमच्या वाचकांनीं पाहिला नसेल, असें संभवत नाहीं. ही युक्ति ज्यांनीं काढली त्या फ्लेमिंग यांचें नांव नियमाबरोबर सर्वतोमुखीं झालें आहे. परंतु त्यांचा खरा मोठा शोध पाठ्यपुस्तकाच्या एका ओळींत आटोपतो. त्या शोधाची व शोधकाची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८४९ रोजीं इंग्लंडांतील लँकॅस्टर येथें झाला. वडील धर्मोपदेशक, पैसा बेताचाच. दिवसां लंडनच्या शेअरबाजारांतील एका पेढीवर कारकुनी व रात्रीं अभ्यास, असा क्रम चालवून ते १८७० सालीं पदवीधर झाले. पुढें शिक्षकी करून त्यांनीं चार पैसे गांठीं बांधले आणि १८७७ सालीं, सत्तावीस वर्षांचे असतां, ते केंब्रिजला पुनः विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तेथें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचीं व्याख्यानें होत. तीं इतकीं गहन असत कीं, श्रोते बोटांवर मोजण्याइतकेच उरत. फ्लेमिंग त्यांपैकीं एक होते. मॅक्सवेल १८७९ सालीं वारले. दोन वर्षांचाच हा सहवास, पण त्यानें शिष्याचें सारें आयुष्य घडविलें.

१८८२ सालीं फ्लेमिंग एडिसनच्या लंडन येथील कंपनीचे सल्लागार झाले. त्या काळच्या विजेच्या दिव्यांची कांच आंतून काळी पडे. एडिसननें दिव्यांत तारेजवळ धातूची एक पट्टी बसवून पाहिली. पट्टी धन टोंकाला जोडली कीं मधल्या पोकळींतून प्रवाह वाहे. ऋण टोंकाला जोडली कीं बंद पडे. एडिसननें हा चमत्कार नोंदला आणि सोडून दिला. फ्लेमिंग यांनीं मात्र वर्षानुवर्षें त्यावर प्रयोग केले, निबंध वाचले, आणि उपयोग न सुचल्यामुळें ते दिवे कपाटांत ठेवून दिले.

१८९९ सालीं मार्कोनीनें त्यांना साहाय्यास घेतलें. अटलांटिक महासागरापार बिनतारी संदेश धाडावयाचा तर प्रचंड शक्ति हवी. कॉर्नवॉलमधील पोल्ढू येथें फ्लेमिंग यांनीं २५ किलोवॅटच्या जनित्रावर चालणारें प्रेषकयंत्र रचिलें. त्याचें हृदय म्हणजे कंडेन्सर : कथलाचा पातळ पत्रा चढविलेल्या कांचेच्या तक्त्या तेलांत बुडवून ठेवलेल्या. त्यांत वीज सांठवावी व एका क्षणांत ठिणगीच्या रूपानें सोडून द्यावी, अशी ती योजना होती. १२ डिसेंबर १९०१ रोजीं न्यूफाउंडलंडमध्यें मार्कोनीला तो संदेश ऐकूं आला. जगानें जयजयकार केला तो मार्कोनीचा. यंत्र रचणारा पडद्याआड राहिला. आमच्या मतें हा अन्यायच होय.

संदेश टिपण्याचें साधन तेव्हां फार ओबडधोबड होतें. त्यांत फ्लेमिंग यांना ऐकूं कमी येई, म्हणून सूक्ष्म खुणा कानांनीं ओळखण्याऐवजीं गॅल्व्हानोमीटरवर डोळ्यांनीं पाहाव्या, असें त्यांना वाटे. पण तो कांटा क्षणांत लक्षावधि वेळां उलटसुलट होणाऱ्या प्रवाहानें हलेना. प्रवाह आधीं एकाच दिशेचा व्हावयास हवा. ऑक्टोबर १९०४ मध्यें त्यांना कपाटांतल्या जुन्या दिव्यांची आठवण झाली. ते काढून जोडले मात्र, कांटा हलला! पाण्याच्या झडपेप्रमाणें एकाच बाजूनें जाऊं देणारा म्हणून त्यांनीं त्याला व्हॉल्व्ह म्हटलें व १६ नोव्हेंबर १९०४ रोजीं पेटंटासाठीं अर्ज केला.

हाच व्हॉल्व्ह पुढें रेडिओंत व ध्वनिवर्धकांत रेक्टिफायर झाला. घरांतील वीज सेकंदांत पन्नास आवर्तनें करते. रेक्टिफायर तिला एका दिशेस लावतो, पण धक्के सेकंदाला शंभर राहतातच व ते कर्ण्यांतून गुणगुणतात. ते शमविण्यास शेजारीं कंडेन्सर लागतो. दोन धक्क्यांमधील उणीव तो आपल्या सांठ्यांतून भरून काढतो. कित्येक वर्षांनीं हे कंडेन्सर आंतून सुकतात, गुणगुण परत येते, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे शौकीन नवे बसवितात. येथें पुष्कळांना मोह होतो कीं बदलावयाचाच तर चौपट मोठा कां नको? पण पहिला कंडेन्सर प्रत्येक धक्क्याच्या माथ्यावरच भरून घेतो. तो जितका मोठा, तितका भरण्याचा अवधि आंखूड आणि प्रवाहाचा लोंढा तीव्र. तापलेल्या कॅथोडमधून मिळणाऱ्या प्रवाहाला मर्यादा असते; लोंढा तिच्यापलीकडे गेला तर आंत ठिणग्या उडून व्हॉल्व्ह निकामी होतो. म्हणून जीझेड ३४ या प्रसिद्ध व्हॉल्व्हला पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपर्यंतच जोडावा, असें त्याच्या कर्त्यांनीं ठरवून दिलें. पुढच्या कंडेन्सरांना मध्यें चोकचें वेटोळें वा रोध असल्यामुळें तेथें थोडी अधिक सूट मिळते. मात्र वीज तोडल्यावरही हे कंडेन्सर शेंकडों व्होल्ट धरून बसतात. योग्य रोधांतून सांठा रिता करून मोजल्यावांचून आंत हात घालणें जिवावर बेतेल.

व्हॉल्व्हचे हक्क मात्र मार्कोनी कंपनीकडे गेले. अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्यांत तिसरी जाळी घालून क्षीण संकेत वाढविण्याची सोय केली, आणि वाद पेटला. १९१६ सालीं तेथील न्यायालयानें फ्लेमिंग यांच्या पेटंटाचा भंग झाल्याचें ठरविलें. १९४३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें पेटंटच रद्द केलें. आमच्या मतें फ्लेमिंग यांची झडप व डी फॉरेस्टची जाळी हीं दोन्ही लागलीं. एकालाच सारें श्रेय देणें उचित नाहीं.

युनिव्हर्सिटी कॉलेजांत एक्केचाळीस वर्षें अध्यापन करून ते १९२६ सालीं निवृत्त झाले. १९२९ सालीं सर झाले. बहिरेपण वाढतच होतें. तरी १९३३ सालीं, त्र्याऐंशी वर्षांचे असतां, त्यांनीं ऑलिव्ह फ्रँक्स या गायिकेशीं दुसरा विवाह केला. १८ एप्रिल १९४५ रोजीं डेव्हन परगण्यांतील सिडमथ येथें, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं, ते निवर्तले.