बर्फावरचा सुतार

मित्रांनो, बर्फ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना काय आठवतं? गोळेवाल्याची गाडी, नाहीतर उसाच्या रसाचा ग्लास! त्यामुळे स्कीइंगवर लेख लिहिणारा हा कोण शहाणा, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण थांबा, पान उलटू नका. हा लेख खेळाचा कमी आणि वर्कशॉपचा जास्त आहे. फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये रंधा मारून मारून ज्यांच्या हाताला फोड आले आणि तरीही ज्यांचा जॉब रिजेक्ट झाला, त्या सगळ्यांसाठी ही गोष्ट आहे. गोष्ट आहे सोंद्रे नॉरहाइम नावाच्या माणसाची. त्याच्याकडे डिग्री नव्हती, पैसा नव्हता, स्वतःची जमीनसुद्धा नव्हती. होत्या फक्त दोन लाकडी फळ्या आणि एक न सुटणारा प्रश्न.

सोंद्रेचा जन्म १० जून १८२५ रोजी नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेडाल या खेड्यात झाला. घराचं नाव ओवरबो. घर म्हणजे डोंगराच्या उतारावरची एक लाकडी खोपटी. त्याचे वडील कूळ होते. जमीन दुसऱ्याची, त्यावर राहायचं आणि बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचं, अशी तिथली पद्धत. आपल्याकडच्या कुळांची कहाणी ज्यांनी आजोबांकडून ऐकली असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. नॉरहाइम हे आडनावसुद्धा वाडवडिलांचं नाही. पुढे तो ज्या जागेवर कूळ म्हणून राहिला त्या जागेचं ते नाव.

त्या भागात हिवाळा लांबलचक. रस्ते बर्फाखाली गाडले जायचे. मग शेजारच्या वाडीवर जायचं असो, शिकारीला जायचं असो की चर्चला, पायाला फळ्या बांधल्याशिवाय इलाज नाही. म्हणजे आपल्याकडे सायकल तशी तिकडे स्की. सोंद्रेचा जन्म व्हायच्या हजारो वर्षं आधीपासून तिकडचे लोक स्की वापरत होते. मग त्याने नवीन काय केलं?

ते समजायला आधी जुन्या स्कीची अडचण समजून घेऊ. जुनी स्की लांबलचक, जवळजवळ सरळ फळी असायची. पाय अडकवायला पुढे बोटांवरून एकच पट्टा. अंगठ्याच्या चपलेसारखं समजा. सपाट जमिनीवर चालायला हे झकास. टाच उचलायची, पाय पुढे सरकवायचा, झालं. पण उतारावर पंचाईत. टाच डावीउजवीकडे कुठेही भरकटते. तुम्ही पाय वळवला तरी फळी वळत नाही, ती आपली नाकासमोर चालते! बोटांवरचा पट्टा पाय आणि फळी यांच्यामध्ये टॉर्क नीट पोचवूच शकत नाही. आणि चुकून उडी मारलीत तर तुम्ही एकीकडे, फळी दुसरीकडे. त्यामुळे बऱ्याच भागांतले लोक हातात एक लांब काठी घेऊन, तिच्यावर रेलून, तिचाच ब्रेक करत उतार उतरायचे.

सोंद्रेला हे मान्य नव्हतं. त्याला उतारावर खेळायचं होतं. तो घरांच्या छपरांवरून उड्या मारायचा असं गावाकडचे लोक सांगत आले आहेत. त्यातलं खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण एवढं नक्की की पोटापाण्याची कामं सांभाळून हा माणूस वेळ मिळेल तेव्हा डोंगरावर असायचा. आणि उतारावर जे जमलं नाही ते घरी येऊन सुताराच्या बाकावर दुरुस्त करायचा. डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग आणि टेस्टिंग ही तिन्ही डिपार्टमेंट एकाच माणसाकडे! टेस्ट फेल झाली की मारही त्यालाच बसायचा.

त्याचं पहिलं काम बाइंडिंगचं. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारी व्यवस्था. सोंद्रेने झाडाच्या लवचीक फांद्या आणि मुळ्या घेतल्या. विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतलं झाड, किंवा बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातलं. त्या पिळून त्यांचा दोर केला आणि तो बोटांपासून मागे टाचेभोवती फिरवून घेतला. आता पाय मागे सरकेना. टाच वर उचलता येत होती, पण बाजूला घसरत नव्हती. म्हणजे चालता येतं, उडी मारली तरी स्की पायातच राहते, आणि पाय वळवला की स्कीसुद्धा वळते.

इथे जरा थांबून विचार करा. टाच फळीला कायमची ठोकून टाकली असती तर काम सोपं होतं, पण मग चालता आलं नसतं. मोकळी सोडली तर वळता येत नाही. कुठली हालचाल अडवायची आणि कुठली मोकळी ठेवायची, हा खरा प्रश्न होता. थिअरी ऑफ मशिन्समध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणून आपण जे घोकतो ना, ते हेच. सोंद्रेने ते झाडाच्या मुळ्यांनी सोडवलं.

दुसरं काम खुद्द फळीचं. स्की त्याने आखूड केली, सुमारे अडीच मीटरवर आणली. आणि तिला कंबर दिली! पुढचं टोक रुंद, मागचं टोक रुंद, मध्ये थोडी निमुळती. डमरू उभा कापून लांब ताणला तर जसा दिसेल तशी. याला साइडकट म्हणतात. याचा फायदा काय? अशी स्की एका कडेवर कलती केली की तिची दोन्ही टोकं बर्फाला टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. त्यावर तुमचं वजन आलं की स्की धनुष्यासारखी वाकते आणि तिची कड बर्फात एक कमान कापत जाते. तुम्ही फक्त कलायचं, वळण स्की स्वतः घेते.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. कडेच्या वक्राची त्रिज्या ढोबळमानाने लांबीचा वर्ग भागिले कमरेच्या खोलीची आठपट. समजा टेकणारी लांबी २ मीटर आणि खोली १ सेंटीमीटर, तर त्रिज्या येते ५० मीटर. लांबी १.६ मीटर आणि खोली २ सेंटीमीटर केली तर एकदम १६ मीटर! आणि स्की ६० अंशात कलती केली तर ती आणखी निम्मी होते. सेंटीमीटरभर लाकूड कमी-जास्त तासलं की केवढा फरक पडतो बघा. सोंद्रेकडे हे सूत्र नव्हतं. त्याच्याकडे रंधा होता आणि गुडघे होते.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. कमरेची स्की आणि टाचेचा दोर या दोन्ही कल्पना एकट्या सोंद्रेच्याच, असं अभ्यासक आज म्हणत नाहीत. टेलेमार्कात असे प्रयोग आधीपासून थोडेफार चालू असावेत. पण दोन्ही गोष्टी एकत्र आणून, त्यांवर प्रभुत्व मिळवून, यातून काय होऊ शकतं हे लोकांना उतारावर करून दाखवलं ते त्याने. आणि एकत्र आणणं हेच महत्त्वाचं होतं. कमरेची स्की आहे पण टाच सैल, तर ती कलती कशी करणार? टाच घट्ट आहे पण फळी सरळ, तर वळणार कशी? एकाशिवाय दुसरं अर्धवटच.

१८६८ च्या फेब्रुवारीत राजधानी क्रिस्टियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्कीची स्पर्धा भरली. सोंद्रे तेव्हा ४२ वर्षांचा, बायकामुलांचा संसारी माणूस. १८५४ साली त्याचं रान्नेईशी लग्न झालं होतं. मोर्गेडालहून राजधानी जवळजवळ दोनशे किलोमीटर. गडी सोबत्यांबरोबर स्कीवरूनच निघाला आणि तीन दिवसांत पोचला. स्पर्धेत त्याच्याहून कितीतरी तरुण पोरं होती. काठीवर न रेलता हा माणूस उडी मारतो, एक पाय पुढे, मागचा गुडघा वाकवून अलगद उतरतो आणि झोकात वळून थांबतो, हे बघून शहरातले लोक चाट पडले. पहिला नंबर अर्थातच त्याचा!

तो एक पाय पुढे टाकायचा प्रकार पुढे टेलेमार्क म्हणून प्रसिद्ध झाला. आजही स्की जंपिंगमध्ये खेळाडू तसा उतरला नाही तर परीक्षक गुण कापतात. दोन्ही स्की समांतर ठेवून घ्यायच्या वळणाला राजधानीचं नाव मिळालं, क्रिस्टियानिया. आणि स्लालम हा शब्दसुद्धा याच मुलखातला. स्ला म्हणजे उतार, लाम म्हणजे स्कीचा माग. मोर्गेडालच्याच मिक्येल आणि टोर्युस हेम्मेस्टव्हाइट या भावांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजधानीत लोकांना स्की शिकवायला सुरुवात केली. खेड्यातलं ज्ञान शहरात पोचलं.

आता तुम्ही म्हणाल, मग सोंद्रेचं नशीब उघडलं असेल. छे! बक्षीस मिळालं, नाव झालं, आणि तो परत मोर्गेडालला येऊन कूळच राहिला. पेटंट वगैरे दूरच. त्याच्या स्कीचा आकार पाहून कोणीही नक्कल करावी, आणि लोकांनी केली. पण नावाने चूल पेटत नाही. त्या काळात नॉर्वेतून हजारो गरीब कुटुंबं जमिनीच्या आशेने अमेरिकेला चालली होती. १८८४ साली सोंद्रेही पत्नी आणि मुलांना घेऊन निघाला. वय ५८ पूर्ण. ज्या वयात आपल्याकडे रिटायरमेंटची पार्टी होते, त्या वयात या माणसाने समुद्र ओलांडून नवा डाव मांडला.

आधी मिनेसोटा आणि मग डाकोटा. आता नियतीची चेष्टा बघा. डाकोटाची ती जमीन कशी? तर सपाट! दृष्टी पोचेल तिथपर्यंत गवताचं मैदान. बर्फ भरपूर, पण उतार नाही. वळणाचा उस्ताद अशा ठिकाणी येऊन पडला जिथे वळायला डोंगरच नव्हता. म्हातारपणी तो अधिकाधिक धार्मिक झाला, वस्तीतलं चर्च उभारायला त्याने हात लावला. तरीही त्याच्या दाराबाहेर स्कीचा एक जोड कायम उभा असायचा, असं सांगतात. ९ मार्च १८९७ रोजी तो गेला. उत्तर डाकोटात डेनबीजवळच्या दफनभूमीत त्याला पुरलं आणि त्या जागेवर कित्येक दशकं नावाचा दगडसुद्धा नव्हता.

गंमत म्हणजे नेमका त्याच वर्षांत त्याचा प्रश्न युरोपभर गाजत होता. १८८८ मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलं आणि त्याचं पुस्तक वाचून अनेकांनी नॉर्वेहून स्की मागवल्या. ऑस्ट्रियाच्या मथियास झ्दार्स्कीला आल्प्सच्या खड्या उतारांवर ते बाइंडिंग पुरेना, म्हणून त्याने धातूचं बनवलं. पुढे उतारावरच्या स्कीइंगसाठी टाच घट्ट बांधायची पद्धत आली, तेव्हा पाय मोडायला लागले. मूळचा नॉर्वेचा आणि अमेरिकेत स्थायिक झालेला याल्मार व्हाम १९३७ साली पाय मोडून पडला आणि त्याने जोर पडताच आपोआप सुटणारं बाइंडिंग तयार केलं. बघा, पुन्हा तेच. काय धरायचं आणि काय सोडायचं!

कमरेचं काय झालं? ती मात्र शंभरहून जास्त वर्षं फारशी बदलली नाही. कारण खोल साइडकटची लाकडी स्की कलती केली की तिचं रुंद टोक पिळवटतं आणि कड सुटते. टॉर्शनचा प्रॉब्लेम! १९५० मध्ये विमान कंपनीत काम केलेल्या हॉवर्ड हेड या अमेरिकनाने अॅल्युमिनियम आणि लाकडाचं सँडविच करून धातूची यशस्वी स्की बनवली. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीच्या इंजिनिअर्सनी खोल कमरेची स्की बाजारात आणली. कार्व्हिंग स्की ती हीच.

आज जे हौशी लोक अरुंद कमरेच्या कार्व्हिंग स्की घेतात, त्यांची चर्चा ऐकाल तर मजा वाटेल. कंबर ६५-७० मिलिमीटर, बुटाचा तळही जवळपास तेवढाच रुंद, वर बुटाचं अंग त्याहून फुगीर. फार कललं की बूटच बर्फाला घासतो आणि कड उचलली जाते. म्हणून बाइंडिंगखाली प्लेट घालून पाय उंच करायचा. पण प्लेट दोन्हीकडे घट्ट आवळली तर स्की मध्ये वाकतच नाही, म्हणून प्लेटला थोडं सरकायला जागा ठेवायची. बाइंडिंगचा ब्रेकसुद्धा कमरेच्या मापाचाच हवा, फार रुंद असला तर तोच बर्फात अडकतो. योग्य स्की मिळते, पण तिला साजेसं बाइंडिंग शोधताना घाम फुटतो. पाइनच्या धुरात बसून दोर पिळणारा सोंद्रे याच अडचणीशी झगडत होता की!

उशिरा का होईना, जगाने त्याची आठवण ठेवली. १९५२ साली ऑस्लोला हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा ज्योत पेटवली ती मोर्गेडालच्या त्याच खोपटीतल्या चुलीवर. १९६० साली कॅलिफोर्नियातल्या ऑलिंपिकसाठीही ज्योत तिथूनच निघाली. ज्या चुलीने त्याला पोटभर दिलं नाही म्हणून तो अमेरिकेला गेला, त्याच चुलीचा विस्तव मागाहून अमेरिकेला पोचला. उत्तर डाकोटातल्या मायनॉट शहरात आज त्याचा पुतळा आहे.

असो. ऑलिंपिकच्या ज्योतीपेक्षा मला मात्र तो दाराबाहेरचा स्कीचा जोडच जास्त आठवतो. आजूबाजूला एक टेकाड नाही, वय सत्तरीकडे झुकलेलं, कोणी बघणारं नाही, कोणी मार्क देणारं नाही. तरी जोड तयार! मित्रांनो, पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये जॉब परत आला की चिडू नका. निमूटपणे रंधा उचला आणि अजून एक मिलिमीटर तासून बघा.