ब्रह्मगुप्त: कर्जालाही संख्या मानणारे गणिती

शाळेत आपण धन आणि ऋण संख्या शिकतो. ऋण म्हणजे कर्ज, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही! ब्रह्मगुप्तांचा जन्म इ.स. ५९८ चा, आजच्या राजस्थानातील भिनमालशी त्यांचे नाव जोडले जाते. ६२८ मध्ये, वयाच्या ३० व्या वर्षी, त्यांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. शून्यातून धन वजा केले की ऋण उरते, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, असे नियम त्यात आहेत. शून्य त्यांच्यासाठी नुसती रिकामी जागा नव्हती, बेरीज-वजाबाकीत धरायची संख्याच होती. भागाकारात मात्र ते चुकले. शून्य भागिले शून्य त्यांनी शून्य धरले. शून्याने भागता येत नाही, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असते. पण ऋण संख्या? त्या मानायला युरोपातले काही गणिती हजार वर्षांनंतरही तयार नव्हते.