जनरल ग्रँट यांना बदनाम कोणी केले?

दारुडा. कसाई. चोरांच्या टोळीचा म्होरक्या. अमेरिकेचे १८ वे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची ओळख जवळजवळ शंभर वर्षे तिथल्या पुस्तकांतून अशीच करून दिली गेली. १९४८ साली अमेरिकन इतिहासकारांनी राष्ट्राध्यक्षांची प्रतवारी लावली, तेव्हा ग्रँट यांना शेवटून दुसरा नंबर दिला. सी-स्पॅन वाहिनीने २००० साली अशीच पाहणी केली तेव्हा ते ३३ वे होते. २०२१ मध्ये २० वे झाले. ग्रँट तर १८८५ सालीच वारले. मेलेला माणूस तेरा पायऱ्या वर कसा चढला? माणूस तोच राहिला, त्याच्याविषयी लिहिणारे बदलले. लिहिणारा बदलला की इतिहास कसा बदलतो, हे फुले-आंबेडकरांच्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ चा, ओहायो राज्यातला. वडील जेसी ग्रँट यांचा कातडी कमावण्याचा धंदा. आपल्याकडे हाच धंदा करणाऱ्या ढोर समाजाला गावकुसाबाहेर ढकलले गेले. अमेरिकेत गोऱ्या माणसाला या धंद्याने विटाळ होत नसे. तिथला विटाळ धंद्याचा नव्हता, माणसाच्या कातडीच्या रंगाचा होता. जेसी हे गुलामगिरीचे विरोधक. पोराला मात्र बापाच्या कारखान्यातला वास आणि रक्त सोसत नसे. त्याचे मन घोड्यांत. बापाने त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत घातले. शिफारस करणाऱ्या खासदाराने नावच चुकीचे लिहिले आणि हायरम युलिसिस ग्रँटचा कायमचा युलिसिस एस. ग्रँट झाला.

पुढे मेक्सिकोच्या युद्धात ते लढले, आणि दुबळ्या शेजाऱ्यावर लादलेले ते अन्यायी युद्ध होते असे त्यांचे मत झाले. १८४८ साली ज्युलिया डेंट यांच्याशी लग्न झाले. ज्युलिया यांचे वडील गुलामांचे मालक. म्हणून ग्रँट यांचे आईवडील लग्नाला गेलेच नाहीत! १८५४ मध्ये नोकरी सोडली. दारूची कुजबुज तेव्हापासूनची. मग सेंट लुईसजवळ शेती केली, ती बुडाली. शहराच्या रस्त्यांवर जळाऊ लाकडे विकायची पाळी आली. या काळात ग्रँट हे स्वतः एका गुलामाचे मालक होते, हे लपवायचे कारण नाही. त्याचे नाव विल्यम जोन्स. विकला असता तर हजाराच्या आसपास डॉलर हाती आले असते आणि घरात पैशाची चणचण होती. मार्च १८५९ मध्ये ग्रँट कोर्टात गेले आणि जोन्सला मुक्त केल्याचा कागद करून आले. १८६० साली मात्र हा अडतीस वर्षांचा माणूस बापाच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करत होता.

पाच वर्षांनी तोच माणूस अमेरिकेच्या सर्व सैन्याचा सेनापती होता. डोनेलसन, शायलो, व्हिक्सबर्ग या लढायांची नावे लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांना पाठ असतात. आपल्याला त्यातली वेगळी गोष्ट पाहायची आहे. युद्धात पळून आलेल्या गुलामांचे लोंढे ग्रँट यांच्या छावणीकडे आले. त्यांनी त्यांना मालकांकडे परत हाकलले नाही. कामाची, मजुरीची, निवाऱ्याची व्यवस्था लावली. पुढे सुमारे एक लाख ८० हजार काळे शिपाई संघराज्याच्या सैन्यात भरती झाले. १८६४ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव धाडला. गुलामीतून सुटून शिपाई झालेले कैदी मात्र तो देणार नव्हता, कारण त्याच्या लेखी ते मालकांची मालमत्ता होते. ग्रँट यांनी अदलाबदल नाकारली. त्यांचे हजारो गोरे शिपाई शत्रूच्या तुरुंगात खितपत असताना घेतलेला हा निर्णय आहे.

९ एप्रिल १८६५ रोजी ली शरण आला. ग्रँट हे कसाई आणि ली हा सभ्य गृहस्थ, ही गोष्ट त्यानंतर हरलेल्या पक्षाने रचली. संपूर्ण युद्धाचा हिशेब मांडला तर प्रमाणात लीने आपली माणसे ग्रँट यांच्यापेक्षा जास्त मारवली. पण लीला कसाई म्हटल्याचे कुठे वाचले आहे काय?

याच माणसाने डिसेंबर १८६२ मध्ये आपल्या हद्दीतून ज्यूंना हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता. कापसाच्या काळ्याबाजाराचे निमित्त करून एका अख्ख्या समाजावर ठपका! लिंकन यांनी तो हुकूम काही आठवड्यांत रद्द करवला. ग्रँट यांना त्याची पुढे लाज वाटली, हे खरे. हुकूम निघाला होता, हेही खरे.

१८६८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. मताधिक्य सुमारे तीन लाखांचे, आणि दक्षिणेत पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या काळ्या नागरिकांची मते त्याहून जास्त. म्हणजे ग्रँट यांचे मताधिक्य कालच्या गुलामांच्या मतांवर उभे होते. १८७२ च्या निवडणुकीत तर त्यांच्या पक्षाने एक चित्र छापले: ग्रँट कातडी कमावणारे आणि उपाध्यक्षपदाचे उमेदवार हेन्री विल्सन जोडे शिवणारे. दोघांच्याही पूर्वायुष्यातले हे धंदे. कातडी कमावणारा आणि जोडे शिवणारा म्हणून अभिमानाने मते मागणारी जोडी!

१८७० साली संविधानाची पंधरावी दुरुस्ती लागू झाली. वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असे देशाच्या कायद्याने ठरवले. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले, तिथले पहिले काळे सभासद. पण कागदावरची दुरुस्ती मतदाराला मतपेटीपर्यंत पोहोचवते काय? वाटेत कु क्लक्स क्लान उभी होती. रात्री बुरखे घालून यायचे, मत देणाऱ्याला फटके मारायचे, पुढाऱ्याला झाडाला लटकवायचे, शाळा जाळायची. शेरीफ त्यांचा, ज्यूरी त्यांची, साक्ष द्यायला कोणी धजायचे नाही. आपल्याकडे खेड्यातला पोलीस पाटील आणि पंच एकाच घरातले असत, तसाच प्रकार.

ग्रँट यांच्या खऱ्या कामगिरीची सुरुवात इथे होते आणि नेमकी हीच कामगिरी पुस्तकांनी गाळली. १८७० मध्ये न्याय खाते स्थापन झाले. त्याची सूत्रे ॲमॉस अकरमन यांच्याकडे होती. हे गृहस्थ जॉर्जियाचे, दक्षिणेच्या बाजूने युद्धात असलेले. पण कायदा म्हणजे कायदा असे मानणारे. १८७० आणि १८७१ मध्ये अंमलबजावणीचे तीन कायदे झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत हेबियस कॉर्पसचा अधिकार स्थगित करून फौज पाठवली. शेकडो पकडले गेले, कित्येक पळाले. खटले संघराज्याच्या कोर्टात चालले आणि तिथे ज्यूरीत काळे नागरिक बसले. कालपर्यंत ज्यांच्या पाठीवर वळ उठत होते त्यांनी मारणाऱ्यांचा न्याय केला. १८७२ पर्यंत त्या क्लानचे कंबरडे मोडले.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा तिथे सत्तेवर ग्रँट होते. अर्पणपत्रिका आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी काय घडले ते मात्र फार थोड्यांना माहीत असते. निवडणुकीच्या वादात कचेरी राखून बसलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांची सशस्त्र टोळी चालून गेली. शरण आलेल्यांनाही मारले. मृतांचे आकडे साठापासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. शिक्षा किती जणांना? तिघांना. तीसुद्धा १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. संविधानाची बंधने राज्यांवर आहेत, खासगी टोळ्यांवर नाहीत, असा त्याचा अर्थ लावून! त्या गावात विसाव्या शतकाच्या मध्याला राज्य सरकारने पाटी लावली. तिच्यात या कत्तलीला दंगल म्हटले होते आणि तिने दक्षिणेतला कुराज्याचा काळ संपवला अशी शाबासकी दिली होती. ती पाटी २०२१ मध्ये काढली गेली.

१८७३ मध्येच आर्थिक मंदी आली. उत्तरेतल्या गोऱ्या मतदाराला काळ्यांच्या प्रश्नाचा कंटाळा आला. १८७५ मध्ये मिसिसिपीत निवडणुकीआधी गोऱ्या टोळ्यांनी रक्तपात सुरू केला, गव्हर्नर एम्स यांनी फौज मागितली. ग्रँट यांनी ती वेळेवर पाठवली नाही. ओहायोतली निवडणूक हातची जाईल, असा पक्षातल्या लोकांनी धाक घातला होता. ओहायो राहिले, मिसिसिपी गेले. तिथल्या काळ्या मतदाराला मत परत मिळवायला पुढे नव्वद वर्षे लागली. ग्रँट यांच्यावर ठपका ठेवायचाच तर तो इथे ठेवावा. त्यांचा चिटणीस बॅबकॉक दारूच्या करचोरीच्या प्रकरणात अडकला, युद्धमंत्री बेल्कनॅप लाच खाताना सापडला, आणि ग्रँट यांनी मित्रांवर आंधळा विश्वास टाकला, यात खोटे काही नाही. पण शंभर वर्षे फक्त त्यावरच लिहिणाऱ्यांनी मिसिसिपीबद्दल त्यांना कधी जाब विचारला नाही. कारण मिसिसिपीत जे झाले ते लिहिणाऱ्यांना हवेच होते.

मूलनिवासींच्या बाबतीत तर सुरुवात एक आणि शेवट दुसरा. सेनेका जमातीचे ईली पार्कर यांना त्यांनी मूलनिवासी व्यवहार खात्याचे प्रमुख केले. त्या पदावरचे ते पहिले मूलनिवासी. पण ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले आणि लाकोटांशी केलेला करार याच ग्रँट यांच्या सरकारने १८७६ मध्ये फौजेच्या बळावर मोडला.

पद सोडल्यावर ते जगप्रवासाला निघाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. पाहुणचार गोऱ्या साहेबांचा आणि पुढे संस्थानिकांचा. त्या दिवसांत जोतीराव पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. परतल्यावर ग्रँट यांनी पैसा गुंतवला त्या पेढीत भागीदाराने फसवले, १८८४ मध्ये ते कफल्लक झाले. घशाचा कॅन्सर झाला. बायकोला काही राहावे म्हणून वेदनेत आठवणी लिहून काढल्या. पुस्तक संपले आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ रोजी, ते गेले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने छापलेल्या त्या पुस्तकाने ज्युलियाबाईंना चार लाखांवर डॉलर मिळवून दिले.

न्यूयॉर्कला त्यांची समाधी १८९७ मध्ये लोकवर्गणीतून उभी राहिली. सुमारे नव्वद हजार लोकांनी पैसे दिले. स्मारक समितीचे पहिले चिटणीस होते रिचर्ड ग्रीनर, हार्वर्ड कॉलेजचे पहिले काळे पदवीधर. समाधीपासून कोलंबिया विद्यापीठ काही मिनिटांच्या पायवाटेवर. १९१३ मध्ये बाबासाहेब तिथे शिकायला गेले. त्याच विद्यापीठात तेव्हा प्राध्यापक विल्यम डनिंग शिकवत होते. काळ्यांना मत देणे ही घोडचूक होती, असे मांडणाऱ्या इतिहासकारांचे ते गुरू, आणि ग्रँट यांची बदनामी पाठ्यपुस्तकांत पक्की केली ती त्यांच्याच शिष्यांनी. १९१५ मध्ये क्लानचे पोवाडे गाणारा ‘बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट निघाला आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो व्हाइट हाऊसमध्ये दाखवला. बाबासाहेब त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते. डनिंग यांच्या मांडणीला पहिले मोठे उत्तर दिले काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी, १९३५ च्या आपल्या ग्रंथात. याच ड्युबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. गोऱ्या विद्यापीठांना ड्युबॉइस यांचे म्हणणे मान्य करायला आणखी तीसेक वर्षे लागली. जून २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निदर्शकांनी ग्रँट यांचा पुतळा गुलामांचा मालक म्हणून पाडला. विल्यम जोन्सचा कागद कोणी तरी त्यांना दाखवायला हवा होता. आणि मूलनिवासी कोणी तिथे असते तर त्यांना तोही दाखवायची कोणाची हिंमत झाली नसती.

एक कायदा सांगायचा राहिला. १ मार्च १८७५ रोजी ग्रँट यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. खाणावळ, आगगाडी, नाटकगृह अशा ठिकाणी रंगावरून कोणाला अडवले तर अडवणाऱ्याला दंड किंवा कैद, आणि ज्याला अडवले त्याला पाचशे डॉलर. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८८३ मध्ये तो रद्द करून टाकला. १९३० मध्ये गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना तयार केली. समान नागरिकत्वाचा हक्क हिरावणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, ही त्यातली मागणी. त्या मागणीला आधार म्हणून त्यांनी अमेरिकेचे दोन कायदे दाखवले: एक १८६६ चा, आणि दुसरा ग्रँट यांच्या सहीचा, जो त्याच्या स्वतःच्या देशात ४७ वर्षांपूर्वी मारून टाकलेला होता. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना बाबासाहेबांनी तो पुन्हा काढला.