ग्रंथोद्धारक पंडित नाथूरामजी प्रेमी

सागर जिल्ह्यातील देवरी येथे १८८१ साली जन्मलेल्या प्रेमीजींनी मुंबईत १९१२ मध्ये 'हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय' स्थापन केले. प्रेमचंदांचे 'गोदान' तेथूनच निघाले. परंतु आपल्या समाजावरील त्यांचे ऋण निराळे आहे. शास्त्रे छापणे हा अविनय मानणारा मोठा वर्ग तेव्हा होता. तो विरोध पत्करून 'जैन हितैषी'च्या या संपादकांनी माणिकचंद्र ग्रंथमालेतून भांडारांतील संस्कृत-प्राकृत ग्रंथ प्रकाशात आणले, तेही मूळ खर्चाच्या किमतीत! (नफ्याविना विक्री किती अवघड, हे व्यापाऱ्यासच विचारावे.) आचार्यांच्या काळाचा शोध घेणाऱ्या त्यांच्या लेखांतून १९४२ साली 'जैन साहित्य और इतिहास' सिद्ध झाला. एकुलते पुत्र हेमचंद्र त्यांच्या हयातीतच निवर्तले. तरीही १९५६ मध्ये त्यांनी या ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली. १९६० साली त्यांचे देहावसान झाले.