चार तासांची शाळा : बिशप कोमेनियस यांचे जीवन

आपल्या मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर आठवड्याचे वेळापत्रक लिहिलेले असते. भाषा, गणित, परिसर, गायन, चित्रकला, हस्तकला असे विषय सोमवारपासून शनिवारपर्यंत ओळीने मांडलेले असतात आणि आपण त्यांकडे सहज नजर टाकून पुढे जातो. परंतु सहा वर्षांच्या प्रत्येक बालकाला, मग ते सरदाराचे असो वा गाडीवानाचे, मुलगा असो वा मुलगी, हे सर्व थोडे थोडे आणि त्याच्या आईच्या भाषेत शिकवावे, ही गोष्ट सतराव्या शतकातील युरोपात रूढ नव्हती. तेथे विद्या म्हणजे लॅटिन व्याकरण. या रूढीविरुद्ध संपूर्ण आराखडा मांडणारा मनुष्य राजदरबारातील विद्वान नव्हता. तो घरदार गमावलेला एक पाळक होता.

यान आमोस कोमेन्स्की, ज्यांना जग कोमेनियस या लॅटिन नावाने ओळखते, यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोरेविया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे घराणे बंधुजनांच्या मंडळीचे होते. यान हुस यांना १४१५ साली जिवंत जाळण्यात आले, त्यांच्या शिकवणीतून ही मंडळी १४५७ साली उभी राहिली होती. यान बारा वर्षांचे होतात न होतात तोच आई, वडील व दोन बहिणी मृत्यूने नेल्या. पोरक्या मुलाचे शिक्षण खंडित झाले, आणि प्रेरोव येथील लॅटिन शाळेत त्यांनी पाऊल ठेवले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. एवढ्या मोठ्या वयात लहान मुलांच्या बाकावर बसल्यामुळेच शाळेतील छडी, घोकंपट्टी आणि अर्थहीन पाठांतर त्यांच्या नजरेत भरले असावे. कोवळ्या मुलाला ते केवळ सोसता येते. त्याचे परीक्षण करण्याइतकी समज त्याला नसते.

जर्मनीत हेर्बोर्न व हायडेलबर्ग येथे ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करून ते मायदेशी परतले, शिक्षक झाले, १६१६ साली त्यांची दीक्षा झाली आणि १६१८ पासून फुल्नेक येथील मंडळी व शाळा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६२० साली श्वेतगिरीच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला, फुल्नेक लुटले गेले आणि कोमेनियस लपतछपत फिरू लागले. १६२२ साली त्यांची पत्नी व दोन्ही बालके साथीच्या रोगाला बळी पडली. अखेर १६२८ साली ते मंडळीतील इतरांसह सीमा ओलांडून पोलंडमधील लेश्नो येथे आले. त्यानंतर मायभूमीत राहण्याचे भाग्य त्यांना कधीच लाभले नाही.

आश्चर्य वाटते ते येथे. ज्याच्या पायाखाली स्वतःची भूमी उरली नव्हती, त्याने या निर्वासनातच चेक भाषेत शिक्षणशास्त्राचा महाग्रंथ लिहावयास घेतला. आपले लोक परततील तेव्हा गावोगाव शाळा कशा उभाराव्यात, हा त्यामागील हेतू होता. पुढे तो ग्रंथ लॅटिनमध्ये विस्तारला गेला आणि १६५७ साली ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला.

त्यातील मातृभाषेच्या शाळेचे प्रकरण प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. शाळा सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी. सहा वर्षे, सहा वर्ग, आणि प्रत्येक वर्गाला मातृभाषेतील स्वतंत्र पुस्तक. शाळा दिवसाला केवळ चार तास भरावयाची, दोन तास सकाळी व दोन दुपारी. उरलेला वेळ घरातील कामासाठी आणि खेळासाठी. सकाळी मन ताजे असते, म्हणून तेव्हा बुद्धी व स्मरण यांचे काम. दुपारी हाताचे व कंठाचे, म्हणजे लेखन, गायन आणि सकाळच्या पाठाची उजळणी. दुपारी नवे काहीही शिकवावयाचे नाही.

विषयांची यादीही पाहण्यासारखी आहे. वाचन आणि लेखन, अंकांनी व मण्यांनी हिशेब, लांबी, रुंदी व अंतर मोजणे, स्तोत्रे व गीते, धर्मप्रश्नोत्तरे, पवित्र शास्त्रातील कथा, नीतीचे नियम, जगाचा इतिहास, पृथ्वीचा गोल, समुद्र व नद्या आणि विशेषतः स्वतःचा देश. शिवाय घरचा व राज्याचा कारभार समजण्यापुरते अर्थज्ञान, आणि सुतार, लोहार इत्यादींच्या कामाची ओळख. ही शेवटची बाब मला सर्वांत मोलाची वाटते. मुलाने प्रत्येक धंदा शिकावा असा आग्रह नव्हता. भोवतालच्या कष्टांविषयी ते अज्ञानी राहू नये, आणि आपला कल कोठे आहे हे त्याचे त्याला कळावे, एवढेच अपेक्षित होते. मंदबुद्धी म्हणून कोणास बाहेर ठेवण्यास त्यांनी नकार दिला. देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्यांत ज्ञानाचे अधिकारी आणि अनधिकारी असा भेद त्यांना मान्यच नव्हता.

इंग्लंड, स्वीडन, हंगेरी अशा अनेक देशांनी त्यांना बोलावले. हंगेरीतील शारोशपाताक येथे १६५० ते १६५४ या काळात सात वर्गांची शाळा योजिली होती. प्रत्यक्षात तीनच वर्ग उभे राहिले. तेथेच तयार झालेले सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात दीडशे पाठ आहेत. प्रत्येक पाठावर एक चित्र आहे, आणि चित्रातील वस्तूंना दिलेले आकडेच शेजारच्या लॅटिन व जर्मन मजकुरातही आहेत. आरंभीची अक्षरओळखसुद्धा कावळ्याच्या व कोकराच्या आवाजावरून आहे. देवापासून प्रारंभ करून, पाववाल्याच्या भट्टीतून आणि शाळेच्या खोलीतून फिरवीत, अखेरच्या न्यायापर्यंत ते बालकाला नेते.

तथापि त्यांच्या थोरवीबरोबर त्यांची चूकही सांगितली पाहिजे. मायदेशी परतण्याच्या आशेने ते काही भविष्यवाद्यांवर फार विसंबले. १६५५ साली स्वीडनच्या राजाने पोलंडवर स्वारी केली तेव्हा कोमेनियस यांनी त्याच्या स्तुतिपर लेखन केले. ज्या देशाने आश्रय दिला त्याच्या शत्रूची ही स्तुती होती. १६५६ साली पोलिश सैन्याने लेश्नो जाळले. त्या आगीत त्यांचे घर, ग्रंथालय आणि चाळीसहून अधिक वर्षे जुळविलेला चेक भाषेचा कोश भस्मसात झाला. या कोशाचे दुःख ते अखेरपर्यंत विसरले नाहीत.

शेवटची वर्षे ॲम्स्टरडॅम येथे एका धनिक कुटुंबाच्या आश्रयाने गेली. १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांचे देहावसान झाले आणि जवळच्या नार्डेन गावी त्यांना पुरण्यात आले. मनुष्यजातीच्या सर्व व्यवहारांच्या सुधारणेवरील त्यांचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला. त्याचे हस्तलिखित हाले येथे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सापडले व १९६६ साली प्राग येथे समग्र छापले गेले.

आपण बंधुजनांच्या मंडळीचे अखेरचे बिशप ठरू, असे त्यांना वाटत होते. परंतु १७२२ पासून मोरेवियातून निघालेले निर्वासित जर्मनीत हेर्नहुट येथे जमले, मंडळी पुन्हा उभी राहिली, आणि कोमेनियस यांचे नातू डॅनिएल एर्न्स्ट याब्लोन्स्की यांच्या हस्ते १७३५ साली तिला पुन्हा बिशप मिळाला. याच मंडळीचे मिशनरी पुढे हिमालयात आले. लाहौलमधील केलाँग येथे राहिलेल्या येश्के यांनी तिबेटी भाषेचा कोश सिद्ध केला. तो १८८१ साली छापला गेला. १८८५ साली मोरेवियन मंडळीने लडाखमधील लेह येथे मिशन स्थापिले. तेथील तिची शाळा आजही भरते.