ज्ञानकोशकार केतकर आणि अकारविल्हे

महामायेचे देऊळ असलेली पुरानी बस्ती हा रायपूरचा जुना भाग. नागपूरकर भोसल्यांचा अंमल 1854 मध्ये संपला, तरी मराठी कुटुंबे या शहरात राहिली. याच रायपुरात 2 फेब्रुवारी 1884 रोजी श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म झाला. ज्ञान हा शब्द इथल्या बाजारात ग्यान असा ऐकू येतो. मराठी माणूस तो द्न्यान असा उच्चारतो. संस्कृत व्याकरण त्यात ज् आणि ञ यांचा संयोग पाहते. ज्यांच्या नावामागे ज्ञानकोशकार ही पदवी कायमची जडली, त्यांच्या जन्मगावी त्या पदवीच्या आद्याक्षरालाच इतके धनी असावेत, हा योगायोग मौजेचा खरा.

केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस आणि पुढचे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. 1906 मध्ये ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1909 मध्ये निघाला. लंडनमधील वास्तव्यानंतर 1912 मध्ये ते स्वदेशी परतले आणि काही काळ कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. इंग्रजीत नावलौकिक मिळवण्याची वाट मोकळी असताना त्यांनी मराठी ज्ञानकोशाचे ओझे पत्करले. त्यासाठी नागपुरात कंपनी काढली, भागभांडवल आणि वर्गणीदार गोळा केले; पुढे कार्यालय पुण्यास आणले. 1920 मध्ये एडिथ कोहन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. त्याच शीलवतीबाई केतकर.

अकारविल्हे म्हणजे केवळ यादीची सोय नव्हे. इंग्रजी कोशातील विषय मराठीत आणला की त्याचे शीर्षक बदलते, आणि शीर्षक बदलले की त्याची जागाही बदलते. शिवाय कोश खंडाखंडाने छापायचा. अ अक्षराचा खंड एकदा बाहेर पडला, की त्यातून निसटलेला विषय मागे नेता येत नाही. वर्णक्रमाने ज्ञानाचे तुकडे होतात, ही अडचण वेगळीच. केतकरांनी आरंभीचे पाच विभाग सलग प्रस्तावनेला दिले, ते या दृष्टीने पाहिले तर फार शहाणपणाचे वाटतात. सहाव्या विभागापासून अकारविल्हे मजकूर सुरू झाला आणि एकविसाव्यात तो ज्ञ या अक्षरापाशी संपला. व्याकरणाच्या न्यायाने ज्ञ ची जागा ज मध्ये. परंतु मराठी मूल शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ अशी अखेर पाठ करते. कोश त्या मुलाच्या क्रमाने चालला. बाविसावा विभाग सूचीचा, तेविसावा हिंदुस्थानविषयीचा. गुजराती ज्ञानकोशाचेही काम त्यांनी हाती घेतले होते. कादंबऱ्या लिहिल्या, 1931 च्या हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. पण उत्तरायुष्य आर्थिक ओढाताणीतच गेले. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आज शब्दांची क्रमवारी संगणक लावतो. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ळ हे ल च्या पाठोपाठ आहे. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र घर नाही, ती जोडाक्षरे म्हणूनच साठवली जातात. मराठी क्रम हवा असेल, तर ळ ला ह च्या पुढे न्यावे आणि क्ष, ज्ञ यांना सर्वांत शेवटी बसवावे, असा निराळा नियम यंत्राला लिहून द्यावा लागतो. तो दिला नाही, तर ज्ञानकोश हा शब्द जौनपूरनंतर आणि झाशीच्या आधी जाऊन बसतो.