शेंगदाण्याच्या तेलाचं ‘तूप’ करणारा माणूस

जामनेरच्या स्टँडवर चहासोबत पाकिटातली खारी खाताना मागचं बारीक अक्षर कोण वाचतं? एकदा वाचा. तिथे ट्रान्स फॅट असा एक आकडा असतो. त्या आकड्यामागची आपल्या जिल्ह्यातली गोष्ट अमळनेरला सुरू होते, मोहम्मद हाशम प्रेमजी यांच्यापासून. विप्रोचे अझीम प्रेमजी सगळ्यांना ठाऊक आहेत. हे त्यांचे वडील.

घराणं गुजराती मुस्लिम, बिऱ्हाड मुंबईत, धंदा तांदळाचा. ब्रह्मदेशाच्या तांदळात त्यांचं नाव इतकं मोठं, की लोक त्यांना तिथले तांदूळसम्राट म्हणत. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ इकडे येणंच थांबलं. पुढे २९ डिसेंबर १९४५ रोजी प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदवली. मुलगा अझीम तेव्हा पाच महिन्यांचा होता. कारखाना अमळनेरला. आजूबाजूला भुईमूग, आणि दारातून सुरत-भुसावळ रेल्वे. अजून काय पाहिजे?

बनवायचं होतं वनस्पती तूप. साजूक तूप परवडत नाही अशा घरांसाठी. शेंगदाण्याचं तेल शुद्ध करून तापवायचं, त्यात निकेलची भुकटी घालायची आणि हायड्रोजन वायू सोडायचा. पातळ तेल घट्ट, पांढरं, रवाळ होतं आणि महिनोन्‌महिने खवट होत नाही. ‘सनफ्लॉवर’ नावाने हे वनस्पती विकलं जायचं. तेल शुद्ध करताना जे उरायचं त्यातून ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण निघायचा. अस्सल व्यापारी डोकं!

वनस्पती साजूक तुपात मिसळून विकणारे महाभागही होतेच. म्हणून सरकारने वनस्पतीत निदान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली. तिळाच्या तेलावर ठरावीक रसायन टाकलं की लालसर रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. प्रॅक्टिकलला हे करून बघण्यासारखं आहे.

फाळणी झाली तेव्हा प्रेमजी इथेच राहिले. पत्नी डॉ. गुलबानू यांनी मुंबईत हाजी अलीला पोलिओ झालेल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी आयुष्य वेचलं. १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक गेले. एकवीस वर्षांचा अझीम स्टॅनफर्डचं इंजिनिअरिंग अर्धवट टाकून परतला आणि वनस्पतीचा कारखाना हातात घेतला. कॉम्प्युटर वगैरे खूप नंतरचं. अमळनेरच्या कितीतरी घरांनी जुने शेअर सांभाळून ठेवले आणि त्यांचं पुढे काय झालं, हे तिथल्या कुठल्याही पानटपरीवर कळेल.

मला मात्र शेअरपेक्षा त्या निकेलमध्ये रस आहे. हायड्रोजन अर्धवट भरला की तेलाच्या रेणूतले काही दुहेरी बंध उलटे वळतात. तेच ट्रान्स फॅट. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. हे ठामपणे कळलं १९९० च्या सुमारास. प्रेमजींना जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्या काळचं सगळ्यात चांगलं शास्त्र त्यांनी अमळनेरला आणलं होतं. भारतात ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली.

मग तेल घट्ट करायचं कसं? आता निकेलच्या जागी एन्झाइम आलं आहे, लायपेज नावाचं. ते साधारण साठ-सत्तर अंशांवरच काम करतं. घट्ट आणि पातळ अशी दोन तेलं एकत्र करून त्यांच्या फॅटी ॲसिडची जागांची अदलाबदल करतं. बंध उलटत नाहीत, त्यामुळे ट्रान्स फॅट तयार होत नाही.

माशाच्या तेलाचंही असंच. युरोपात एकेकाळी त्यातही हायड्रोजन भरून मार्गारिन करायचे, आणि त्यातलं मोलाचं ओमेगा-३ त्यातच नष्ट व्हायचं. आता लायपेज वापरून तेच ओमेगा-३ वेगळं काढतात, दाट करतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. मघाशी खाल्लेल्या खारीतली चरबी पचवायला तुमच्या स्वादुपिंडातून जे निघालं, तेही लायपेजच.